मुद्दाम बोटीत पाणी भरायचं म्हणजे

आमच्या समोरच्या काकूंचे जावई जॉर्जियात असतात (अमेरिकेतलं जॉर्जिया, रशियाजवळचं नाही), त्यांनी यंदा सेकंडहँड बोट घेतली आणि आधीच्या मालकाने बोटीबरोबर पाणी भरून बोट जड करायच्या चार काळ्या जाड थैल्या फुकट देऊन टाकल्या. काकू परवा वाटीभर लिलो चिवडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तू गेल्या उन्हाळ्यात दादाकडे जाऊन ते लाटेवर उभं राहायचं शिकून आलीस ना, मग जरा आमच्या जावयांना सांग त्या थैल्यांचं करायचं काय. मी व्हॉइस मेसेज करायला बसले, चार झाले, पाचव्यात माझंच मला कळेना मी डावं म्हणतेय का उजवं, म्हणून म्हटलं बाई लिहूनच काढू, म्हणजे बडोद्यातून मे महिन्यात मुलाबाळांकडे जाणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल, कारण तिकडे आजकाल ज्याला त्याला बोट घ्यायची हौस आलीय.

तर आधी हा प्रकार काय ते. वेकसर्फिंग म्हणजे बोटीच्या मागे जी लाट तयार होते तिच्यावर फळी घेऊन उभं राहायचं. सुरुवातीला उभं राहण्यापुरती दोरी धरायची, मग दोरी सोडून द्यायची आणि नुसती लाटच तुम्हाला ढकलत नेते. समुद्र नको काही नको. वेग अगदी कमी, ताशी १० ते ११ मैल, म्हणजे १६-१८ किलोमीटर, संध्याकाळी ओल्ड पाद्रा रोडवर स्कूटर जेवढी सरकते तेवढाच. त्यामुळे पडलं तरी फार लागत नाही, नाकात पाणी जातं आणि अब्रू जाते, बस.

पण एक गोष्ट सगळ्यात आधी, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. हे कुठल्याही बोटीमागे करायचं नसतं. तुम्ही बोटीच्या मागच्या कडेपासून पाच-सात फुटांवर असता. ज्या बोटीचं मशीन मागे बाहेर लटकतं आणि पंखा मागच्या कडेच्याही मागे फिरतो तिच्यामागे वेकसर्फिंग अजिबात नाही, पडलात तर सरळ पंख्यात. पंखा बोटीच्या पोटाखाली आत असतो तशीच बोट लागते. काही नव्या बोटींत बाहेरच्या मशीनचा पंखा पुढे तोंड करून बोटीखाली बसवलेला असतो, त्या चालतात. काकूंच्या जावयांनी आधी खाली वाकून तेवढं बघावं, थैल्या नंतर.

दादा राहतो ऑस्टिनजवळ, टेक्सासमध्ये. तिथे लेक ट्रॅव्हिस म्हणून मोठं तळं आहे, तळं म्हणजे धरणाचं पाणी, कोलोरॅडो नदीवर मॅन्सफिल्ड धरण आहे त्याच्यामागचं. ही ग्रँड कॅनियनवाली कोलोरॅडो नाही बरं का, टेक्सासची वेगळी आहे, मी आठवडाभर चुकीच्याच नदीचं कौतुक करत होते. दादाची बोट २१ फुटी, जुनी, तिच्यात कंपनीने बसवलेल्या पाण्याच्या टाक्या नाहीत की नव्या बोटींना लाटेला आकार द्यायला मागे आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या असतात त्याही नाहीत. म्हणून थैल्या.

आता मुद्दाम बोटीत पाणी का भरायचं, हे आमच्या बाबांना फोनवर समजावताना माझा घाम निघाला. त्यांचं म्हणणं, अगं लोक आयुष्यभर बोटीतलं पाणी बाहेर काढतात आणि तुम्ही पंप लावून आत घेताय? पण बघा, बोट जेवढी जड तेवढं जास्त पाणी ती बाजूला सारते. बाजूला सारलेल्या पाण्याचा मागे खड्डा पडतो आणि दोन्ही बाजूंचं पाणी तो खड्डा भरायला धावत येतं, त्याचीच लाट होते. हलकी बोट नुसती पाण्यावर सरपटते, मागे आपली एक रेघ सोडून जाते. म्हणून वजन पाहिजे. पण दोन्ही बाजूंचं पाणी एकदमच आलं तर एकमेकांवर आपटून नुसता फेस होतो, त्यावर कोण उभं राहणार. म्हणून ज्या बाजूला सर्फ करायचं ती बाजू वजनाने थोडी खाली झुकवायची, किंवा उलट्या बाजूला मागच्या कोपऱ्यात पाण्याखाली एक प्लॅस्टिकचं पंखासारखं फताडं चिकटवायचं, त्याला शेपर म्हणतात, रबरी व्हॅक्यूमने चिकटतं. त्याने त्या बाजूचं पाणी बाहेर फेकलं जातं, उशिरा येतं आणि तोवर तुमच्या बाजूची लाट स्वच्छ, गुळगुळीत राहते. डाव्या लाटेवर चढायचं तर शेपर उजवीकडे. आम्ही पहिल्यांदा डावीकडेच लावला होता. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, चार वर्षं मेकॅनिकल करून.

आणि डावी की उजवी ते ठरतं तुमच्या पायावरून. डावा पाय पुढे टाकून उभं राहायची सवय असेल तर बोटीच्या डाव्या बाजूची लाट घ्यायची, म्हणजे तोंड लाटेकडे राहतं. उजवा पाय पुढे असेल तर उजवी. आपला कुठला पाय ते बघायची युक्ती अशी की कोणीतरी न सांगता मागून हळूच ढकलायचं, सावरायला जो पाय पुढे जातो तो. मला भाच्याने स्वयंपाकघरात ढकललं, हातात आमटीचं पातेलं होतं. डावा.

पहिल्या दिवशी दादाने काय केलं तर त्याच्याकडे ७५० पाउंडाच्या दोन थैल्या होत्या, दोन्ही मागे डाव्या कोपऱ्यात टाकून फुल्ल भरल्या. ७५० पाउंड म्हणजे ३४० किलो. पाण्याचं बरंय, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब पटकन लागतो. आपल्या गच्चीवर काळी सिंटेक्स असते ना ५०० लिटरची, तशा दीड टाक्यांच्या आसपास पाणी आम्ही एका कोपऱ्यात ठेवलं होतं आणि वर त्याच बाजूच्या सीटवर सगळे जण दाटीवाटीने बसलो, कारण दादाने कुठेतरी पाहिलं होतं की जेवढी झुकेल तेवढं चांगलं. बोटीचं नाक वर, दादाला समोरचं काही दिसेना, तो उभा राहून चालवतोय, इंजिन घों घों करतंय आणि वेग काही धरत नाही. लाट मात्र उंच आली. उंच आणि आखूड. बोटीच्या मागे दोन-तीन फूट काय ती लाट, त्यापुढे सगळा फेस, आणि इतकी खडी की फळी तिच्यावर ठेवली की नाक पाण्यात घुसून मी तोंडावर. अकरा वेळा पडले. भाची मोजत होती, मोठ्याने.

किनाऱ्याजवळच्या एका डॉकवरून एक म्हातारे गृहस्थ हात हलवत होते, आम्हीही सगळ्यांनी आनंदाने हात हलवले. ते रागाने हलवत होते हे नंतर कळलं. आमच्या लाटांनी त्यांची बांधलेली बोट डॉकवर आपटत होती. मिनेसोटा युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये मोजमाप करून सांगितलंय की सर्फिंगवाल्या बोटीची लाट साध्या बोटीच्या लाटेइतकी खाली यायला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. आम्ही शंभर फुटांवर असू. दुसऱ्या वेळी मधोमध गेलो, आणि जाताना त्यांच्यासमोरून अगदी हळू, मान खाली घालून गेलो.

दुसऱ्या वेळी म्हणजे पुढच्या शनिवारी. आता शहाणपण असं सुचलं की मागे जास्त होतंय ना, मग एक थैली उचलून पुढे टाकू. तत्त्वाने बरोबर आहे ते. मागे वजन वाढवलं की लाट उंच आणि खडी होते, पुढे वाढवलं की लांब आणि सपक होते, आणि शिकणाऱ्याला लांब आणि सपकच पाहिजे, उभं राहायला जागा तरी मिळते. साधारण ज्यांना येतं ते लोक दोन भाग मागे आणि एक भाग पुढे असं ठेवतात. आम्ही निम्मं-निम्मं केलं, म्हणजे पुढे ३४० किलो, वर तिथेच भाचा-भाची पाय पसरून बसली. लाट खरंच छान लांब आली. मी दोरी धरून चक्क उभी राहिले, चार सेकंद असतील, आणि पडले. आणि दादा उत्साहाच्या भरात मला घ्यायला गर्रकन वळला, वेगातच. वळल्यावर समोर कोण, तर आपणच केलेली लाट. पुढचं टोक आधीच खाली गेलेलं, ते वर उचललंच नाही, लाटेत घुसलं आणि पाणी सरळ आत. मी लांबून बघत होते. मला फक्त वहिनीचा आवाज ऐकू आला आणि मग चकलीचा डबा तरंगत बाहेर येताना दिसला.

बोट बुडाली नाही, घोट्याच्या वर पाणी होतं, तळातला पंप चालू होता, दहा-पंधरा मिनिटांत गेलं. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. पण परत येताना कोणी बोललं नाही. बडोद्याच्या माणसाला बोट आणि वजन हे दोन शब्द एकत्र आले की हरणी आठवतं. १८ जानेवारी २०२४, हरणीच्या तळ्यात बोट उलटली आणि शाळेच्या सहलीची १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना जॅकेट नव्हती. आमच्या घरापासून हरणी काही फार लांब नाही, त्या संध्याकाळी ॲम्ब्युलन्स जात होत्या त्या मी गॅलरीतून ऐकल्यात. आणि मी तिकडे जाऊन हौसेने ३४० किलोच्या थैल्या भरत होते.

त्या रात्री जेवण झाल्यावर किराण्याच्या बिलामागे हिशोब केला, जो खरं म्हणजे पहिल्या दिवशी करायचा. दादाच्या बोटीत स्टिअरिंगजवळ एक छोटी पाटी आहे, माणसं किती आणि माणसं-सामान मिळून वजन किती. त्यावर लिहिलंय १६०० पाउंड, म्हणजे ७२५ किलो. आम्ही पाच जण, सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं (वहिनीने मोबाइल घेतला नाही ना हातात, फोटो काढणार नाहीस ना, अशी दोनदा खात्री करून घेतली), बेरीज ३२५. नांगर, आईसबॉक्स, जॅकेट, फळ्या, हत्यारांची पेटी धरून ४० लावले. झाले ३६५. उरले ३६०. बस. एवढंच पाणी भरायला जागा आहे. आणि आम्ही भरलं होतं ६८०. पाण्यात उतरलेल्या माणसाचं वजन वजा करायचं नाही, कारण तो थकून परत आत येणारच आहे, आणि तेव्हा कोणी थैली रिकामी करत बसत नाही. ज्यांच्या बोटीवर अशी पाटी नाही त्यांनी कंपनीच्या पुस्तकात आकडा बघावा, अंदाजाने मुळीच नाही. कुणी म्हणेल बरीच मंडळी जास्तच भरतात आणि काही होत नाही. असेल. काही होत नाही तोवर काहीच होत नसतं.

मग दोन मोठ्या थैल्या घरी आणि दोन छोट्या विकत. एक ४०० पाउंडाची, १८१ किलो, ती मागे डाव्या कोपऱ्यात. एक २५० पाउंडाची, ११३ किलो, ती पुढे, सीटच्या खाली अडकवून. दोन्ही मिळून २९४, वर ६६ किलोची मोकळीक. मोठी थैली अर्धी भरली तर नाही का चालणार, असं दादा म्हणाला, पैसे वाचवायला. नाही चालणार. अर्धी थैली लोळते. बोट झुकली की आतलं पाणी खालच्या बाजूला पळतं आणि बोट अजून झुकते, म्हणजे नको तेव्हा नको तिकडे. छोटी थैली गच्च भरायची, आतली हवा काढून टाकायची, आणि पट्ट्याने बांधायची. भरलेली थैली हाताला कशी लागते सांगू, पुरणपोळीची कणीक चांगली मळून तेल लावून ठेवल्यावर दाबली की कशी हळूच परत वर येते, तशी. टणटणीत नको, नाहीतर शिवणीवर ताण येतो. आणि इंजिनाच्या खोलीत ठेवत असाल तर गरम पाइपला, पट्ट्याला, बॅटरीला टेकत नाही ना ते हात घालून बघायचं.

तिसऱ्या वेळी, रविवारी, भल्या पहाटे गेलो, तेव्हा पाणी आरशासारखं असतं आणि गर्दी नसते. आणि थैली भरेचना. पंप १२ व्होल्टचा, बाहेर पाण्यात सोडायचा, आवाज तर करतोय, पाइप मात्र सपाट. दादाने पंपाला दोन चापट्या मारल्या, आपल्याकडची पद्धत. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. न्यायमंदिराच्या मागे आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, ३८ वर्षं बाबांनी पंपच बघितलेत, आता दुकान बंद केलं तरी हात शिवशिवतात. बडोद्यात तेव्हा संध्याकाळ, ते सूरसागरावरून फेरी मारून आले होते, चहाचा कप हातात. म्हणाले, मोटर दाखव. आवाज ऐकव. मग पाच सेकंदांत, अगं एअर पकडलीय, पंप पाण्यात तिरपा कर, बुडबुडे निघू देत. केला. भसाभस बुडबुडे आले आणि पाइप एकदम ताठ झाला. अमेरिकेत जाऊन सहा तासांच्या अंतरावरच्या दुकानात विचारायचा बेत होता आमचा. बाबा म्हणाले, किती मिनिटं लागतील? मी म्हटलं, पंपावर लिहिलंय तासाला ८०० गॅलन, म्हणजे ३००० लिटर, तर १८१ लिटरला साडेतीन-चार मिनिटं. ते हसले. लिहिलेलं कधी मिळतं का, पाइपची लांबी, वाकणं, उंची, सहा धर. सहाच लागली. भरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसते, हेही त्यांनीच सांगितलं. तेवढं करायचं तर कोणी पाण्यात नको आणि मागच्या फळीवरही कोणी बसायचं नाही. इंजिनाचा धूर मागूनच निघतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही, माणूस गुंगीत पाण्यात पडू शकतो. माणूस वर चढताना तर इंजिन बंदच.

आता या सगळ्यात मला सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट, आणि ही फुकट आहे. पाणी हलवायच्या आधी माणसं हलवून बघा. आम्ही थैल्या भरल्या, शेपर उजवीकडे लावला, बोट १० मैलांवर नेली, पाण्यात कोणीच नाही, नुसतं मागे बघायचं. मग भाचीला म्हटलं, मागून उठ आणि वाकून, धरून धरून पुढे जाऊन बस. ४८ किलोची पोरगी. ती पुढे गेली आणि डोळ्यांसमोर लाट लांब झाली, जिथे फेस सुरू होत होता ती जागा दोन-तीन हात मागे सरकली. परत मागे बोलावली, लाट आखडली. भाचा डावीकडून मध्ये आला तर लाटेची कड मऊ झाली. एखाद्या बाजेवर बसलेल्या पोरांना इकडेतिकडे सरकवावं तसं आम्ही अर्धा तास करत होतो, आणि त्या अर्ध्या तासात जे कळलं ते आधीच्या दोन फेऱ्यांत कळलं नव्हतं. माणूस हे चालतं-बोलतं बॅलास्ट आहे, म्हणजे बोट जड करायला ठेवतात ते वजन. पाण्याला हलवायला सहा मिनिटं लागतात, माणसाला सहा सेकंद. लाट जमली की मात्र सगळ्यांनी जिथल्या तिथे बसायचं, मागे कोणी उभं राहिलं म्हणून फोटो काढायला सगळे एकदम मागे धावले की लाट बदलते आणि उभं राहिलेला पडतो. हे माझ्याच बाबतीत झालंय आणि तो फोटो माझ्याकडे आहे, फक्त हात दिसतोय.

वेग तसाच. कमी केला की लाट खडी आणि बोटीला चिकटते, वाढवला की लांब आणि बुटकी. आम्हाला १०.२ वर जमलं. दुसऱ्याच्या बोटीला वेगळा आकडा लागेल, एका वेळी पाव-पाव मैल बदलून बघायचं, वजन आणि वेग दोन्ही एकदम बदलायचं नाही, नाहीतर कशाने काय झालं कळतच नाही. भाजीत मीठ आणि गूळ एकदम टाकून चव बघण्यासारखं आहे ते.

आणि दादाचं थ्रॉटल. पहिल्या दिवशी तो दांडा असा पुढे ढकलायचा की माझे हात खांद्यातून निघतील. वहिनी आमची गुजराती, रावपुऱ्यातली, ती त्याच्या शेजारी बसून एकसारखी हळवे हळवे (म्हणजे हळूहळू) म्हणत राहिली, तेव्हा कुठे जमलं. पाण्यात पाठीवर पडायचं, टाचा फळीच्या कडेवर, गुडघे पोटाशी, दोरी सैल हातात, हाताला गुंडाळायची नाही. बोट हळवे हळवे निघते, पाण्याच्या दाबाने फळी आपोआप उभी होऊन पायाला चिकटते, तेव्हा आपण नुसतं त्या दाबाला थोडं उत्तर द्यायचं, टाचा खाली. ओढून उभं राहायचं नाही. मी ओढत होते. सवयच आहे, नळाला पाणी आलं की बादल्या ओढायची. शिकणाऱ्याने फळी मोठी घ्यावी, पाच फुटांच्या आसपास, भाच्याची छोटी चकचकीत फळी दिसायला छान आहे पण माझ्या वयाला आणि वजनाला ती पाटासारखी बुडते.

उभी राहिले. लाट गुडघ्याइतकीच होती, पहिल्या दिवशीच्या राक्षसासारखी नाही. पण लांब होती, पायाखाली जागा होती. पुढच्या पायावर थोडं वजन टाकलं की फळी पुढे सरकायची, मागच्यावर टाकलं की मागे रेंगाळायची, आणि मग एका ठिकाणी दोरी सैल पडली. हातात दोरी आहे पण ओढ नाही. मला वाटलं बोट थांबली. बोट चालूच होती, लाट ढकलत होती. भाची ओरडली आत्या सोड, सोड, मी सोडली नाही. इतक्या वर्षांत कुठली गोष्ट अशी न धरता चाललेली बघितली नव्हती म्हणून असेल. चौथ्या वेळी सोडली. साधारण वीस सेकंद. मग पडले, आणि दादाने आधी वेग पूर्ण उतरवला, लाटा पुढे जाऊ दिल्या, मग हळू वळून आला. हे त्याला आता झोपेत पण येतं.

घरी निघायच्या आधी थैल्या पूर्ण रिकाम्या. ट्रेलरवर चढवायच्या आधी, कारण ट्रेलरला ते वजन झेपत नाही, आणि दुसरं कारण असं की लेक ट्रॅव्हिसमध्ये २०१७ पासून झेब्रा शिंपले सापडतात, बोटाच्या पेराएवढे, पाइप-बिइप सगळं जॅम करून टाकतात. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि थैलीत राहिलेल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. टेक्सासमध्ये कायदाच आहे, तळ्यावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढायचं. शेवटचं दोन-तीन लिटर पंप काढत नाही, थैली गुंडाळत गुंडाळत तोंडाशी आणावं लागतं, गादीची वळकटी करतो तसं, मग उन्हात वाळवायची. जॉर्जियातल्या जावयांनीही हे करावं, तिकडचा कायदा काय तो तिकडे विचारावा, पण वाळवावं.

तर त्यांच्यासाठी थोडक्यात म्हणाल तर, चार थैल्या फुकट मिळाल्या म्हणून चारही भरायच्या नसतात. त्यांनी थैल्यांवरचा आकडा पाठवला, तीन ७५० च्या आणि एक ४०० ची. मी म्हटलं ४०० ची ठेवा, बाकी अडगळीत टाका, पाटीचा फोटो पाठवा, घरातल्या सगळ्यांची वजनं पाठवा. पाटीचा फोटो आला. वजनं अजून आली नाहीत, काकू म्हणतात मुलगी सांगत नाहीये.

दादाच्या ७५० च्या दोन पडून होत्या, त्यातली एक मी नीट धुऊन वाळवून सुटकेसमध्ये घालून बडोद्याला आणली, बाबांना दाखवायला. बाबांना ती इतकी आवडली की कॉर्पोरेशनचं पाणी दोन दिवस येणार नव्हतं तेव्हा त्यांनी ती गॅलरीत अंथरून नळी लावली. मी ऑफिसातून आले तर थैली अर्धी फुगलेली. म्हटलं बाबा, ३४० किलो, गॅलरीत? या घराला पन्नास वर्षं झाली. ते म्हणाले, तुझ्या त्या बोटीसारखी पाटी कुठाय इथे, दाखव. मग बरीच बोलाचाली झाली. आता थैली खाली अंगणात तुळशीच्या पलीकडे आहे, भरलेली, आणि दुपारी गल्लीतलं पिवळं कुत्रं तिच्यावर झोपतं, थंड लागते ना.